लेण्याची मागची वाट

१

साहेब, खोटं तुम्ही लिहिलंत. एकदा नाही, दोनदा.

आधी लिहिलंत की शहादेव ओव्हाळ पाय घसरून टाक्यात पडला. मग डॉक्टरनं सांगितलं, डोक्याची मागची बाजू पाण्यात पडायच्या आधीच फुटलेली आहे. तेव्हा तुम्ही कागद फिरवलात आणि लिहिलंत की बापाला पोरानंच मारलं. पहिलं खोटं आळसाचं होतं, दुसरं सोयीचं. तुमचं नाव मी इथं घालत नाही. घातलं तर तुम्ही तुमच्या अब्रूचा खटला घेऊन उभे राहाल आणि मेलेला माणूस पुन्हा बाजूला पडेल. पण हे तुमच्याबद्दल आहे हे तुम्हालाही कळेल आणि तुमच्या ठाण्यातल्या शिपायालाही.

बाकीच्यांसाठी सांगतो. वडवणीच्या वरच्या अंगाला, बालाघाटाच्या कडेला सावळदरा नावाचं गाव. गावामागच्या कड्यात लेणं आहे. मधे खांबांचं दालन, दोन्ही बाजूंना भिक्खूंच्या खोल्या, खोल्यांत निजायला दगडाचेच ओटे. शेवटच्या खोलीबाहेर पावसाच्या पाण्याचं कोरीव टाकं. हे सगळं कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी छिन्नीनं काळा दगड पोखरून केलं. दालनाच्या मधोमध एक गोल दगड. वरची आळी त्याला शेंदूर फासते आणि सिद्धोबा म्हणते. बौद्धवाडा त्याला स्तूप म्हणतो. बाहेर सरकारी फलक आहे, त्यावर गंज सोडून काही वाचता येत नाही.

शहादेव एसटीत कंडक्टर होता. रिटायर झाल्यापासून रोज लेण्यात जायचा, झाडायचा, ओट्यावर मेणबत्ती लावायचा. देवस्थानच्या ट्रस्टनं खोल्यांच्या भिंती पाडून मोठा सभामंडप करायचं ठरवलं तेव्हा हा एकटा आडवा आला. अर्ज करकरून त्यानं भिंती पाडायचं काम थांबवलं.

पोळ्याच्या दिवशी सगळं गाव बैलांच्या मागं होतं. दुसऱ्या दिवशी, करीला, पुजारी हनुमान सकाळी दिवा लावायला वर गेला, तर टाक्यात शहादेव पालथा तरंगत होता. खाली पुढच्या पायऱ्यांच्या तळाशी त्याच्या चपला होत्या. जोडीनं, सरळ, देवळात जाताना काढतात तशा.

त्या चपला सगळ्या गावानं पाहिल्या. साहेब, तुम्हीही पाहिल्यात. "चपला काढून आत गेला आणि घसरला, सरळ केस," असं तुम्ही सगळ्यांसमोर बोललात. आणि खुनी कोण ते त्या चपला तिथंच, तुमच्या बुटापाशी पडून सांगत होत्या.

२

प्रवीणला उचलल्यावर त्याची आई केशरबाई वनमालाताईंच्या दारात आली.

वनमालाताई पूर्वी गावच्या पोलीस पाटील होत्या. वरच्या आळीतल्या. ट्रस्टचे अध्यक्ष आप्पा, त्यांच्या चुलतभावाची ही बायको. म्हणजे ज्यांच्यावर संशय घ्यायचा ती सगळी तिच्या घरची माणसं.

"वनमालाबाई, माझं पोरगं सोडवा."

"केशरबाई, मी आता पाटील न्हाई."

"म्हणून तर आले. पाटील असत्या तर कशाला आले असते?"

वनमालाताई हसल्या नाहीत. चहा ठेवला. केशरबाईनं तो घेतला नाही.

"नवरा गेला. त्याला आता कुणी आणून देत न्हाई मला. पण पोरगं जितं हाय. त्याला बापाचा खुनी म्हणून जलमभर बसवतील आत. मी कोणासाठी भाकरी थापू?"

वनमालाताईंनी पायात चपला घातल्या आणि तिच्याबरोबर एसटीनं तालुक्याला गेल्या.

प्रवीण कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. त्याच्याविरुद्ध तुमच्याकडं एकच गोष्ट होती, साहेब. वडवणीच्या बाजारात तो बापाशी भांडला होता आणि ओरडला होता, "त्या दगडापायी मरशील एक दिवस." अर्ध्या बाजारानं ऐकलं.

"बोललास का?" वनमालाताईंनी विचारलं.

"बोललो. लई बोललो. सुरजदादाच्या मंडपाच्या कामावर मी दगडफोडीचा ब्रेकर चालवत होतो. बाप येऊन मशिनीपुढं बसला. म्हणला, 'चालव माझ्या अंगावर.' सगळ्या मजुरांसमोर. लाज वाटली मला. काम सोडलं अन् त्याचा राग बाजारात काढला."

"पोळ्याच्या दिवशी कुठं होतास?"

"घरात. पडून. बाप म्हणला, चल लेण्यात. मी तोंडावर पांघरूण घेतलं." त्यानं मान वर केली नाही. "गेलो असतो तर वाचला असता."

साक्षीदार कुणी नाही. दुपारी नवरा निघाल्यावर केशरबाई शेजारच्या गावी बहिणीकडं गेलेली. तुम्हाला एवढं पुरेसं होतं. बाहेर आल्यावर वनमालाताईंनी शिपायाला विचारलं, "ह्याला सोडायला काय लागंल?"

शिपाई पान थुंकून म्हणाला, "दुसरा माणूस."

३

दुसरा माणूस शोधायला वनमालाताई आधी हनुमानकडं गेल्या. पुजारी पायऱ्यांजवळच्या पत्र्याच्या खोलीत राहतो.

"शहादेव अन् माझं रोजचंच भांडण," हनुमान म्हणाला. "मी शेंदूर लावायचो, त्यो खरवडायचा. मला म्हणायचा, 'गुरवा, तुझा देव माझ्या भगवंताच्या अंगावर बसलाय.' मी म्हणायचो, 'बसू दे की. तुझ्या भगवंताला थंडी वाजत न्हाई.' मग दोघं मिळून माझ्याकडं चहा प्यायचो. आता चहाबी गोड लागना."

"पोळ्याला कुठं होतास?"

"मारुतीच्या पारावर. बैलं तिथंच येत्यात ना सलामीला. सांजपर्यंत नारळ फोडून हात दुखला. विचारा कुणालाबी."

"चपला पहिल्यांदा तूच बघितल्यास. काय वाटलं?"

हनुमान वातीचा कापूस बोटांत वळत राहिला.

"वाटलं... जाऊ द्या."

"काय वाटलं?"

"काय न्हाई, ताई. लेकरंबाळं हायत मला. ह्या खोलीवरचा पत्राबी आप्पांचा हाय."

आप्पा अंगणात बाजेवर पाय लांब करून बसले होते. गुडघ्यांना तेल लावणं चालू होतं. त्यांना लेणं चढून वर्षं झाली. पोळ्याला त्यांचा मानाचा बैल. वेशीत तोरणाखाली तेच उभे होते, अख्ख्या गावासमोर.

"वयनी, ह्यात तुमी कावून पडताय? पोरगं तापट हाय. बापाला मारलं. वाईट झालं."

"एक विचारू? करीच्या दिवशी हनुमान ओरडत खाली आला. 'शहादेव मेला, चपला पायऱ्यांपाशी पडल्यात,' म्हणला. तुमी तसंच खाली बसलात. मेला म्हणल्यावर न्हाई. चपला कुठं पडल्यात ते ऐकल्यावर."

आप्पांचा तेलाचा हात थांबला.

"गुडघे, वयनी. उभं राहवत न्हाई."

सुरज आप्पांचा पुतण्या. लहानपणापासून पुण्याला शिकला, गेल्या वर्षी ठेकेदार होऊन परत आला. सभामंडपाचं काम त्याचंच. पांढरी गाडी, पांढरे बूट. बोलायला मात्र गोड.

"काकू, तुम्ही मला विचारताय? बसा ना, सरबत घ्या. हे बघा, मी जातपात मानत नाही. शहादेवकाकांना मी स्वतः म्हणालो होतो, उद्घाटनाला या, पहिल्या रांगेत बसवतो. त्यांना भिंती हव्या होत्या. आता भिंतींत लोक कसे बसणार?"

"पोळ्याला?"

"आप्पांच्या बैलाबरोबर होतो की. लेण्याकडं फिरकलोसुद्धा नाही. मजूर सणाला आपापल्या गावी गेलेले. काम बंद. मशिनी झाकलेल्या."

वनमालाताई उठल्या. सरबत तसंच राहिलं. दारापर्यंत आल्यावर त्यांना आठवलं, आणि आठवलेलं त्यांनी तेव्हा कुणाला बोलून दाखवलं नाही. मिरवणूक निघण्याआधी आप्पांच्या दारात बैलं त्यांनीच ओवाळली होती, घरच्या प्रत्येक गड्याला टिळा त्यांनीच लावला होता. सुरजच्या कपाळाला त्यांचा हात लागला नव्हता.

पण सणाच्या दिवशी तरणा गडी दारात नव्हता, म्हणून तो खुनी? एवढ्यावर तर तुमच्यासारखाच माणूस फाशी देईल, साहेब.

४

"मला लेण्यात घेऊन चला," वनमालाताई केशरबाईला म्हणाल्या. "शहादेव जायचा तसं."

गावाबाहेर पडल्यावर सिमेंटचा रस्ता सरळ पायऱ्यांकडं जातो. वनमालाताई त्या रस्त्यानं चालल्या. थोड्या वेळानं मागं बघितलं तर केशरबाई नाही. ती उजवीकडं पडीक रानात शिरली होती.

"अवो, तिकडं कुठं? लेणं हिकडं हाय."

"तुमचं तिकडून. आमचं हिकडून."

वनमालाताई जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्या या गावात नांदायला आल्या, म्हाताऱ्या झाल्या, पाटीलकी केली, शेकडो वेळा लेण्यात गेल्या. बौद्धवाडा कुठल्या वाटेनं जातो हे त्यांना कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं.

"अजून? आता पुढून कोण अडवतंय तुमाला?"

"कोणी न्हाई. सासऱ्याच्या वख्ताला अडवायचे. आप्पाच्या बापानं तिथं काठ्या घेऊन माणसं बसवली होती. तवा आमची माणसं हिकडून कड्याला लागली. चढताना हाताला खोबण्या लागल्या."

पडीक रान संपलं तिथं एक करंजाचं झाड होतं. झाडामागं कडा सरळ उभा, आणि कड्यात पायाचा चवडा मावेल एवढ्या खोबण्या कोरलेल्या. वरपर्यंत. गुळगुळीत झालेल्या. शेकडो वर्षं उघडे पाय पडल्याशिवाय काळा दगड असा गुळगुळीत होत नाही.

"हे म्हणायचे," केशरबाई बोलली, "पुढच्या पायऱ्या सिमिटाच्या, कालच्या. भिक्खू ह्याच वाटेनं चढत होते. वरच्या आळीनं आमाला मागं हाकललं आन् आमाला खरा दरवाजा गावला. कुणी अडवत न्हाई तरी मी हिकडूनच जाणार, म्हणायचे. वाट पायाखाली राहिली तरच राहते."

तिनं करंजाखाली चपला काढल्या.

"इथंच?"

"इथंच. चपल घालून चढता येत न्हाई. बोटं रुतवावी लागत्यात. आमच्यातलं लेकरूबी इथंच काढतं."

वनमालाताईंनी करंजाच्या बुंध्याकडं बघितलं. जमिनीवर डिझेलचे डाग होते, ताडपत्री पडली होती, आणि खोबण्यांच्या शेजारून जाड वायर कड्यावर गेली होती. सुरजचा जनरेटर इथं उभा होता. पायऱ्यांकडून इथपर्यंत त्यानं गाडी येईल असा मुरमाचा रस्ता आणला होता. शहादेवच्या चपला रोज त्याच्या बाजूलाच निघत असणार.

पदर खोचून, केशरबाईचा हात धरून त्या वर चढल्या. शेवटच्या खोलीत पाय ठेवला आणि थांबल्या. मधली दगडी भिंत आडवी पडली होती. आतला दगड ताजा, उजळ, धूळ ओट्यावर पसरलेली. मेणबत्तीचं मेण धुळीखाली गेलं होतं.

"ही भिंत कधी पडली?"

केशरबाईनं ओट्यावरची धूळ पदरानं पुसली. "पोळ्याच्या सकाळी हे येऊन गेलते. भिंत शाबूत हाय म्हणले. दुपारी परत निघाले. म्हणले, सणाचा दिवस हाय, गाव खाली बैलांमागं हाय, ह्याच दिवशी डाव साधतील."

काम बंद, मजूर गावी, मशिनी झाकलेल्या. आणि खाली हलगीच्या कडकडाटात ब्रेकरचा आवाज कुणाला येणार?

उतरल्यावर वनमालाताईंनी चपला घातल्या, चार पावलं टाकली आणि कळवळून खाली बसल्या. तळव्याला काटा. चप्पल उलटी केली तर तळ गोखरूनं भरलेला. हिरवे-पिवळे काटे, टोकं वर.

"ह्या रानात लई हाय," केशरबाई म्हणाली. "रोज सांजच्याला ह्यांच्या चपलेचे काटे मीच काढायची. चिमट्यानं." आणि एकदम थांबली. "त्या दिवसाचे न्हाई काढले. पोलिसांनी चपला पिशवीत घालून दिल्या. तशाच खुंटीला हायत."

वनमालाताई तशाच, काट्याच्या पायानं बौद्धवाड्याकडं निघाल्या.

५

पिशवीतून चपला काढल्या. तळ वर केला.

गोखरूनं भरलेला. प्रत्येक काटा ताठ, टोक शाबूत.

वनमालाताईंनी आपल्या चपलेचा तळ शेजारी धरला. करंजापासून इथवर त्या पडीक रानातून, मग वाड्यातल्या सिमेंटच्या गल्लीतून आल्या होत्या. त्यांच्या चपलेतले काटे चेपले होते, टोकं मोडली होती. गोखरू मऊ मातीतून चिकटतो आणि कठीण जागी चार पावलं टाकली की चुरतो. गावातलं शेंबडं पोरगंही हे जाणतं.

"केशरबाई, हनुमानला काय वाटलं ते आता कळलं मला. त्याला वाटलं, शहादेव कधी पुढच्या पायऱ्यांनी गेला न्हाई, मग चपला हितं कशा? मला ही वाट ठाऊक असती तर मलाबी तसंच वाटलं असतं. त्यो त्या पायऱ्यांपर्यंत चालत गेलाच न्हाई. मुरमाच्या रस्त्यानं गेला असता तर हे काटे असे उभे राहिले नसते. त्यानं चपला रोजच्या जागी काढल्या, करंजाखाली. तिथून पुढच्या पायऱ्यांपर्यंत कुणीतरी हातात नेल्या."

"कावून पण?"

"तेच तर. मारणाऱ्यानं त्याला टाक्यात टाकला. घसरून पडल्यासारखं दिसावं म्हणून. जनरेटर बंद करायला खाली आला तर त्याच्या शेजारी चपला. त्याला वाटलं, हे वाईट दिसतंय. माणूस दर्शनाला आला असता तर चपला पायऱ्यांपाशी असत्या. मशिनीपाशी कशाला? म्हणून उचलल्या आन् त्याच्या मते जिथं असायला पायजेत तिथं नेऊन ठेवल्या. जोडीनं."

केशरबाई हळूच म्हणाली, "पण आमच्या चपला करंजाखालीच असत्यात, हे तर अख्ख्या गावाला..."

"अख्ख्या गावाला न्हाई," वनमालाताई म्हणाल्या. "मला कुठं माहीत होतं?"

६

ट्रस्टची बैठक पायऱ्यांजवळच्या पत्र्याच्या मंडपात होती. मीही होतो; आधीचं सगळं त्या दोघींकडून ऐकलेलं, हे मी स्वतः पाहिलं. आप्पा खुर्चीत, सुरज उद्घाटनाच्या पाहुण्यांबद्दल सांगत होता, हनुमान सतरंजीच्या कडेला. वनमालाताई आल्या आणि न बसताच बोलल्या.

"शहादेवची काठी सापडत न्हाई. केशरबाई मागतेय. चपला काढायचा तिथंच काठी टेकवून वर जायचा म्हणे. कुणी बघता का?"

हनुमान उठला आणि एक शब्द न बोलता मंडपामागून करंजाकडं चालू लागला. आप्पांनी खुर्चीतूनच हात केला, "हां, करंजाखाली बघ. ती माणसं तिथंच ठिवत्यात."

सुरज हसला. "तिकडं कुठं पाठवताय त्याला? काकू, पायऱ्यांपाशी बघा ना. चपला तिथं होत्या, तर काठीही तिथंच असणार. सगळे तिथंच काढतात."

"सगळे कोण रं?"

"सगळे म्हणजे... सगळे."

हनुमान मागं वळून उभा राहिला.

"काठी केशरबाईच्या घरी हाय," वनमालाताई म्हणाल्या. "मला फक्त बघायचं होतं, कोण कुठं जातंय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. गोखरू, खोबण्या, पडलेली भिंत. त्या बोलत होत्या आणि माणसं खाली बघत होती.

"ज्याला करंजाखालची जागा माहीत हाय, त्याला तिथं चपला बघून काही वाटणार न्हाई. त्या रोज तिथंच असतात. त्यो हात लावणार न्हाई. प्रवीण तर आईच्या कडेवर असल्यापासून तिथं चपला काढतो. त्यानं बापाला मारलं असतं तर चपला जागेवर राहिल्या असत्या. हनुमान रोज बघतो, आन् त्या दिवशी तो पारावर होता. मजूर गावात नव्हते. आप्पा..." त्या आप्पांकडं वळल्या. "आप्पा, तुमाला तर जन्मापासून माहीत. तुमच्या बापानंच त्यांना तिकडं हाकललं. म्हणून तर चपला पुढं हायत म्हणल्याबरोबर तुमी खाली बसलात. तुमाला तिथल्या तिथं कळलं की चपला ठिवणारा ह्या गावात वाढलेला न्हाई."

"वयनी, बास झालं."

"काम बंद असताना भिंत पाडायला कोण गेलतं? मशीन कोणाची? बैलं ओवाळली तवा आपल्या दारात कोण नव्हतं? टिळा मी लावते, आप्पा. सुरजच्या कपाळाला मी लावला न्हाई."

"काकू, हा काय मूर्खपणा आहे?" सुरज उभा राहिला. "एका चपलेवरून? कुठं काढायच्या हा काय कायदा आहे का?"

"गप बस बे," आप्पा म्हणाले.

"नाही, गप का बसू? मी इथं आलो ते काहीतरी चांगलं करायला. मी कधी कुणाला शिवाशिव केली? कुणाला पुढून अडवलं? ही लोकं मागून येतात, झाडाखाली चपला काढतात, हे मला कोण सांगणार होतं? आप्पा, तुम्ही सांगितलंत कधी? सांगितलं असतं तर मी त्यांना हातसुद्धा..."

तो तिथं थांबला.

फार उशीर झाला होता. कुणीतरी "आई गं" म्हणालं. सुरजनं सगळ्यांच्या तोंडांकडं बघितलं. आपण काय बोललो हे त्याला त्या तोंडांवरून कळलं.

त्याला वाटत होतं, त्याच्या मनात काही नाही म्हणजे गावातही काही नाही. जो नियम आपल्याला कधी टोचला नाही तो नाहीच, असं धरून चालणारा माणूस. त्याचा आजोबा काठ्या घेऊन माणसं बसवायचा, चुलता ते जाणून गप्प राहायचा, आणि हा सगळं पुसून पांढऱ्या बुटांनी आला. तिघांत खोटं सगळ्यात सफाईनं मांडलं ते ह्यानंच. फसला तो फक्त एका जागी. गावात कुणाला कुठं उभं केलंय, एवढंच त्याला ठाऊक नव्हतं.

आप्पांनी डोळे मिटले होते. वनमालाताई त्यांच्या खुर्चीपाशी गेल्या.

"तुमाला पुतण्या वाचवायचा होता, ते समजलं. पण त्याच्या बदली केशरबाईचं पोरगं कावून दिलंत?"

आप्पा डोळे न उघडता म्हणाले, "कोणाला तरी द्यावं लागतंच, वयनी."

७

दुसऱ्या दिवशी वनमालाताई आणि केशरबाई तुमच्या ठाण्यात आल्या, साहेब. चपला फडक्यात बांधून आणल्या होत्या. मंडपातल्या काही जणांनी जबाब द्यायची तयारी दाखवली होती, हनुमान त्यात पहिला. त्याच संध्याकाळी त्याच्या खोलीवरचे पत्रे उतरवले गेले. बरेच जण तर त्या दिवशी मंडपात नव्हतेच, असं आता म्हणतात. मी होतो. माझा जबाब तुम्ही घेतला नाहीत, म्हणून इथं लिहितोय.

तुम्ही फडकं सोडलंत, चपला उलट्यासुलट्या केल्यात. एक काटा तुमच्या बोटाला लागला.

"बाई, गोखरूवर कोर्ट चालत नाही."

"आन् त्यो सगळ्यांसमोर बोलला ते?" वनमालाताईंनी विचारलं.

"रागात माणूस काहीही बोलतो."

"प्रवीणबी बाजारात रागातच बोललाता. त्याला तुमी आत टाकलं."

तुम्ही पंख्याकडं बघितलंत. मग चहा मागवलात, फक्त वनमालाताईंसाठी. त्यांनी तो कप केशरबाईपुढं सरकवला. तुम्ही म्हणालात, "तुम्ही चांगल्या घरच्या आहात. आपल्याच माणसांविरुद्ध कशाला उभ्या राहता?" आणि शेवटी म्हणालात, "ठीक आहे. वर विचारतो."

केशरबाई उठून तुमच्या टेबलाला हात टेकून उभी राहिली.

"वर म्हंजे कोणाला?"

तुम्ही शिपायाला हाक मारलीत आणि तिला बाहेर बसवलंत.

ती बाहेरच बसलीय. रोज सकाळी पहिल्या गाडीनं येते, फाटकाशेजारी पोतं अंथरते, भाकरी पोरासाठी आत पाठवते, कधी ती पोचते कधी शिपाई खातो. लेण्यातली दुसरी भिंत परवा पडली. सुरज पुण्याला गेलाय म्हणतात, कामासाठी. वरच्या आळीत वनमालाताईंना कुणी हळदीकुंकवाला बोलावत नाही. हे सगळं सोसता येईल. पण एक जितं पोरगं तुमच्या कोठडीत आहे, त्यानं बापाला मारलं नाही हे तुम्हाला माहीत आहे, आणि कुणी मारलं हेही माहीत आहे. तुम्हाला हुकूम देणारा कुणीतरी आहे. तुम्ही ज्याला विचारायला गेलात त्याला नाव असेल, घर असेल, त्यालाही पोरं असतील.

वर कोण आहे, साहेब? फाटकाशी जा आणि त्या बाईच्या तोंडावर त्याचं नाव सांगा, नाहीतर तिचं पोरगं तिच्या हातात द्या. दोन्हींपैकी काय करताय? बोला.